तहान सोसणाऱ्या झाडाला भूकही नसते का?

एका वाचक ताईंचं पत्र आलं आहे. त्यांच्या विनंतीवरून नाव-गाव गाळून मजकूर थोडक्यात देते.

ताई आणि त्यांचे यजमान निवृत्त होऊन चार वर्षांपूर्वी मुंबईहून राजापूर तालुक्यातल्या आपल्या गावी परतले. घर सड्यावर, पायाखाली सगळा जांभा कातळ. विहीर एप्रिलच्या मध्यालाच तळ दाखवते, म्हणून त्यांनी मुद्दाम 'कमी पाण्याची' झाडं निवडली: काजूची तीन कलमं, एक आवळा, दोन सीताफळं, एक डाळिंब. करवंदाच्या जाळ्या कुंपणाला आधीपासून होत्याच. रोपवाटिकेतला माणूस म्हणाला, "ही कातळावरची झाडं, यांना खतबित काही लागत नाही." तीन वर्षं काहीच घातलं नाही. काजू वाढले, पण यंदा बी मिळाली मूठभर. आवळा दोन वर्षं फुलतो, फळ धरत नाही. सीताफळाला एखाद-दुसरं फळ. शेवटी शिमग्यानंतर शेजारच्या भाऊंच्या सांगण्यावरून त्यांनी प्रत्येक झाडाच्या बुंध्याशी दोन-दोन मुठी युरिया टाकला आणि वर बादलीभर पाणी ओतलं. आठवड्याभरात एका काजूच्या पानांच्या कडा करपल्या, तिसरा हिस्सा पानं गळली. सीताफळांचे तर खराटे झाले. यजमान म्हणतात, "सांगत होतो, खत म्हणजे विष." मुलानं पुण्याहून द्रवरूप खताची बाटली पाठवली आहे, ती फडताळात तशीच पडून आहे. ताई विचारतात: अशा झाडांना खत घालावं की नाही? घालायचं तर कोणतं आणि कधी? आणि करपलेला काजू वाचेल का?

ताई, शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण तुमचा जीव तिथेच अडकला आहे.

काजू बहुतेक वाचेल. खात्री करायची असेल तर पानं गळलेल्या एका बारीक फांदीची साल नखानं जराशी खरवडा. आत हिरवं, ओलसर दिसलं तर फांदी जिवंत आहे. तपकिरी आणि कोरडं लागलं तर थोडं मागे सरकून जाड फांदीवर पुन्हा पाहा. अशी मेलेली टोकं दिसली तरी आज कात्री लावू नका. पाऊस पडून पंधरा-वीस दिवस झाले की झाड स्वतःच दाखवतं कुठून फुटणार आणि कुठून नाही, तेव्हा छाटा. तोवर चार-पाच दिवसांनी संध्याकाळी दोन-दोन कळशा पाणी घाला, पण बुंध्यापाशी नको, पानांच्या सावलीची कड जिथे पडते तिथे गोल फिरून. आणि कृपा करून उतारा म्हणून त्यावर आणखी काही घालू नका. ताक नको, राख नको, शेणाचं पाणीही नको. ज्याचं पोट बिघडलंय त्याला आपण पेजच देतो, पंचपक्वान्न नाही.

सीताफळांबद्दल मात्र युरियाला निर्दोष सोडायला हवं. सीताफळ हे पानगळीचं झाड. थंडी सरता सरता ते पानं टाकायला लागतं आणि शिमग्याच्या सुमारास आपल्याकडे बहुतेक सीताफळं उघडीबोडकीच असतात. आधीच्या वर्षीही तसंच झालं असणार, पण तेव्हा तुम्ही त्याच्याकडे अपराधी मनानं पाहत नव्हता म्हणून लक्षात राहिलं नाही. हे पत्र छापून येईस्तोवर त्यांच्या काड्यांवर पोपटी कोंब दिसत असतील.

आता त्या रोपवाटिकेतल्या माणसाच्या वाक्याकडे वळू. ते वाक्य अर्धं खरं आहे, म्हणून जास्त घोटाळ्याचं आहे. कमी पाण्यावर तगणारं झाड म्हणजे कमी खाणारं झाड, असं आपण मनातल्या मनात धरून चालतो. पण ही झाडं तहान सोसतात ती कशी? काजू मुळं खोल आणि लांबवर धाडतो, त्याचं पान चामड्यासारखं जाड असतं. सीताफळ सरळ पानंच टाकून देतं, म्हणजे पाणी उडून जायला वाटच उरत नाही. आवळ्याची गंमत तर फार थोड्यांना ठाऊक असते: तो फेब्रुवारी-मार्चमध्ये फुलतो, पण फळाचा गर्भ सगळा उन्हाळा निजून राहतो आणि पावसाळा लागला की मग वाढायला लागतो. थोडक्यात, पाणी नसताना ही झाडं दुकान बंद करून बसतात. दुष्काळात न मरणं ही एक गोष्ट आणि भरघोस फळणं ही दुसरी. करवंदाच्या जाळीला कुणी खत घालत नाही आणि ती फळते, हे खरं. पण करवंद केवढं आणि काजूबोंड केवढं! शिवाय करवंद त्या मातीतच जन्मलेलं आहे. तुमची कलमं पाहुणी आहेत, आणि दर वर्षी त्यांच्याकडून बी, बोंड, फळ असा सगळा माल तुम्ही घरात नेणार आहात.

तेव्हा भूक आहे. फक्त ती बंद दुकानाच्या दारात उभं राहून भागवता येत नाही. शिमग्यानंतर नेमकं तेच झालं. झाडाचं काम मंदावलेलं, माती कोरडी ठणठणीत, त्यात बुंध्याशी दोन मुठी युरिया आणि जेमतेम विरघळेल एवढं एक बादली पाणी. मुळांभोवती खारट, कडक पाणी तयार झालं आणि मुळांनी पाणी ओढायच्या ऐवजी मातीनंच मुळांतून ओढलं. लोणच्याच्या फोडीला मीठ लावलं की ती पाणी सोडते ना, तसंच. पानांच्या कडा आधी करपतात त्या यामुळेच. पान हे झाडाचं टोक, आणि टंचाई टोकाला आधी कळते. आपल्या वाडीत शेवटच्या घराच्या नळाला पाणी आधी बंद होतं, तसं.

भाऊंना बोल लावू नका. त्यांची जागा कदाचित खाली वहाळाकाठी असेल, जिथे मार्चमध्येही हातभर खाली ओल सापडते. तिथे चाललेलं सड्यावर चालत नाही, एवढंच. तुमच्या पत्रात एक तपशील ओझरता आलाय, मला मात्र तोच सगळ्यात महत्त्वाचा वाटला: "खड्डे ब्रेकर लावून काढले." म्हणजे कातळात मीटरभर लांब-रुंद-खोल खड्डा, त्यात बाहेरून आणलेली माती, आणि त्यात कलम. ताई, याला मी झाड जमिनीत लावणं म्हणत नाही. हे फार मोठ्या कुंडीत लावणं आहे. कातळाला भेगा असतात, पुढेमागे मुळं त्या शोधतीलही. काजू तर शोधतोच. पण पहिली काही वर्षं त्याचं सगळं जग तेवढा खड्डा. त्यात कुंडीचे दोन्ही दोष आहेत. उन्हाळ्यात घातलेलं खत पसरायला जागा नाही, सगळं मुळांशीच साचतं. पावसाळ्यात खड्डा भरून वाहतो, तेव्हा घातलेलं खत वरच्या वर निघून जातं.

हे निघून जाणं मी स्वतः पाहिलं आहे. पंधरा-सोळा वर्षांपूर्वी गुहागरच्या आमच्या घरामागे उताराला काजू होते. भर जुलैत, चार दिवस उघडीप मिळाली म्हणून, मी हौसेनं मिश्र खताची अर्धी गोणी सगळ्या आळ्यांत वाटून टाकली. रात्री पाऊस असा कोसळला की सकाळी आळी कुठली आणि वाट कुठली कळेना. काजूला काही फरक पडला नाही. खालच्या बांधापाशी मात्र, जिथे सगळं पाणी जाऊन साचतं, तिथलं गवत त्या वर्षी कमरेएवढं वाढलं, गडद हिरवं, आणि शेजाऱ्यांच्या म्हशी ते चरायला येत. आमच्या यजमानांनी आजतागायत त्या गवताचं नाव 'आमच्या हिचं पीक' असंच ठेवलंय.

कोकणात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, तोही जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर, आणि मग आठ महिने कोरडं. इथे खताचं वेळापत्रक नगर-सोलापूरच्या पुस्तकातून घेता येत नाही. खत ओलीच्या मागून जायला हवं, आणि पुराच्या पुढून. अशा दोनच खिडक्या आपल्याला मिळतात. पहिली, मृगाचा पाऊस पडून माती वीतभर खोल भिजली की, म्हणजे जूनच्या मध्यापासून आर्द्रा लागेपर्यंत. दुसरी आणि मोठी, पावसाचा जोर ओसरला की: मघा सरता सरता, पूर्वा नक्षत्रात, ऑगस्टची अखेर ते सप्टेंबरचा मध्य. तेव्हा माती ओली असते, पाणी वाहून जात नाही, झाड जागं असतं आणि पुढच्या मोहराची काडी तयार करत असतं. बहुतेक वर्षी गणपती याच सुमाराला येतात. मुंबई-पुण्याची मंडळी घरी असतात. आरती झाली की प्रत्येकाच्या हातात एक फावडं आणि वाट्याला एक झाड द्या. ऑक्टोबरनंतर खत बंद. पाणी द्यायची सोय असेल तरी उशिरा नत्र, म्हणजे युरियातला नायट्रोजन, घालू नका, कारण त्यानं ऐन मोहराच्या तोंडावर लुसलुशीत पालवी फुटते आणि ढेकण्या, म्हणजे टी मॉस्किटो, या रस शोषणाऱ्या किडीला आयतं आमंत्रण जातं.

आता काय घालायचं. इथे तुमच्या यजमानांच्या बाजूनं थोडं बोलते, कारण त्यांचं अगदीच चुकलेलं नाही. जांभ्याची माती आम्लधर्मी असते, लोह आणि ॲल्युमिनियमनं भरलेली. तिच्यात स्फुरद, म्हणजे फॉस्फरस, घातलं की ते या धातूंना चिकटून बसतं. झाडाच्या ताटात असूनही त्याच्या तोंडी लागत नाही. नत्र आणि पालाश, म्हणजे पोटॅश, पावसाबरोबर झिरपून जातात. हे सगळं धरून ठेवणारी एकच वस्तू आहे, कुजलेला पाला. ती मातीत नसेल तर युरिया म्हणजे भोकाच्या घागरीत पाणी. आणि ही वस्तू आपण काय करतो? पातेरा, म्हणजे झाडाखालचा वाळका पाला, गोळा करून एक तर तरव्याच्या भाजावळीला, भाताच्या रोपांची जागा भाजायला, देतो नाहीतर अंगण स्वच्छ दिसावं म्हणून फेब्रुवारीत काडी लावतो. ताई, तुमच्या आवारात पातेऱ्याची होळी होत असेल तर ती यंदापासून थांबवा. खताच्या दुकानात जाण्याआधीची पायरी ही.

सड्यावरच्या झाडासाठी माझी आवडती युक्ती सांगते. कलमाभोवती दीड-दोन मीटर अंतरावर जांभ्याच्या तुकड्यांचा गुडघाभर उंचीचा गोल गडगा रचा. उताराच्या बाजूला जरा उंच, वरच्या बाजूला बुटका. चिरेखाणीवर असले तुकडे पडलेले असतातच. आता या वाडग्यात दर वर्षी थर चढवत जायचं: पातेरा, त्यावर वहाळातली गाळमाती चार-पाच घमेली, मग कुजलेलं शेणखत, वर पुन्हा पातेरा. मुळांना पसरायला खड्ड्याबाहेर जागा मिळते आणि खत घालायला तुम्हालाही. दोन गोष्टी सांभाळा. कलमाचा जोड कधीही मातीखाली जाता कामा नये, तो सतत डोळ्याला दिसला पाहिजे. आणि पातेरा बुंध्याला टेकू देऊ नका, वीतभर जागा मोकळी ठेवा. नाहीतर वाळवी त्याच शिडीनं खोडावर चढते. शेणखतही पुरतं कुजलेलं हवं. हातात घेतल्यावर मातीचा वास यायला हवा. गोठ्याचा वास येत असेल तर ते अजून कच्चं आहे आणि त्यात हुमणीची नाहीतर गेंड्या भुंग्याची अंडी असायची. आवारात माड असतील तर हे दुखणं आणखी महाग पडतं.

गावात गुरं कमी झाली, शेणखत मिळत नाही ही तक्रार मला दर पत्रात वाचायला मिळते. त्यावर उपाय म्हणजे कुंपणाला गिरिपुष्पाचे दांडे खोवा. पहिल्या पावसात हातभर लांबीचे दांडे नुसते रोवले तरी जगतात. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षापासून जूनमध्ये एकदा आणि ऑगस्टमध्ये एकदा छाटून तो हिरवा पाला आळ्यात पसरा. शेंगवर्गातलं झाड आहे, पाला नत्रानं भरलेला, महिन्याभरात कुजून जातो. गुरांशिवायचं खत म्हणून कोकणात याच्याइतकं सोपं दुसरं मला माहीत नाही.

मग युरिया-सुपरफॉस्फेट नकोच का? तुमच्या यजमानांशी माझं इथे पटत नाही. शेणातलं नत्र आणि गोणीतलं नत्र, मुळात शिरताना दोन्ही सारखंच होऊन शिरतं. झाडाला गोणीवरचं लेबल वाचता येत नाही. विष असतं ते प्रमाणात आणि वेळेत. दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाची काजूची शिफारस चौथ्या वर्षापासूनच्या झाडाला वर्षाला एक किलो नत्र, पाव किलो स्फुरद आणि पाव किलो पालाश अशी आहे. इथे एक नेहमीचा घोटाळा होतो: एक किलो नत्र म्हणजे एक किलो युरिया नव्हे. युरियात 46 टक्केच नत्र असतं, म्हणजे तो लागेल सुमारे 2 किलो 170 ग्रॅम. सिंगल सुपर फॉस्फेटमध्ये 16 टक्के स्फुरद, म्हणजे ते साधारण दीड किलो. म्युरेट ऑफ पोटॅशमध्ये 60 टक्के पालाश, म्हणजे 400 ग्रॅमच्या जरा वर.

हे आकडे बागायतदाराचे, चांगल्या खोल मातीतल्या झाडाचे. तुमच्या कुंडीवजा खड्ड्याला मी निम्म्यानं सुरुवात करीन: वर्षाला एक किलो युरिया, पाऊण किलो सुपर फॉस्फेट, 200 ग्रॅम पोटॅश, शिवाय तीन-चार घमेली शेणखत. शेणखत आणि सगळं सुपर फॉस्फेट जूनच्या खिडकीत, एकमेकांत कालवून; शेणखतात मिसळलेलं स्फुरद मातीतल्या लोहाच्या हाती लगेच सापडत नाही. युरिया आणि पोटॅशचा तिसरा हिस्साही त्याच खिडकीत, बाकी गणपतीच्या सुमारास. करपलेल्या काजूला मात्र जूनमध्ये युरिया अजिबात नको. त्याला नुसतं शेणखत, आणि तो फुटला, पालवी निबर झाली, तर ऑगस्टअखेर पाव किलो युरिया. सीताफळाची भूक काजूपेक्षा पुष्कळ कमी, काजूच्या पावपट धरा. आवळ्याला दोन घमेली शेणखत आणि किलोभर निंबोळी पेंड सध्या पुरे.

घालायची जागा बुंधा ही नाही. झाडाचं तोंड खोडात नसतं, मुळांच्या टोकाला असतं. पानांच्या सावलीच्या कडेखाली वीतभर रुंद, चार बोटं खोल चर काढा, त्यात खत पसरा, माती ओढा, वर पातेरा. उतार असेल तर पूर्ण गोल नको, वरच्या बाजूनं अर्धचंद्र काढा. पाणी ते आपोआप खाली नेतं. युरिया उघड्यावर टाकून ठेवला तर त्यातला बराचसा वायू होऊन उडून जातो. विकत घेतलेला वास, दुसरं काय.

यजमानांचा विरोध कायम राहिलाच तर तेही चालेल. परसात सात झाडं आहेत, बाजारात माल न्यायचा नाही. मग सुपर फॉस्फेटच्या जागी हाडांचा चुरा किंवा रॉक फॉस्फेट घ्या. आपल्या आंबट मातीत ते हळूहळू विरघळतात, इतरत्र इतक्या सहज विरघळत नाहीत. इथे आपल्या मातीचा दोषच कामी येतो. पालाशासाठी चुलीची राख, झाडाला ओंजळ-दोन ओंजळ, पसरून. राखेनं मातीचा आंबटपणाही जरा उतरतो. फक्त राख आणि युरिया, किंवा राख आणि ताजं शेण, एकत्र कालवू नका. नत्र उडून जातं. मासळी धुतलेलं पाणी घालायची पद्धत चांगलीच आहे, पण सुक्या मासळीचं पाणी नको, त्यात मीठ असतं आणि तुमच्या खड्ड्यांनी खारटपणा यंदा पुरेसा भोगलाय. तांदळाचं धुवण, चहाचा चोथा, केळ्याची सालं यांनी काही बिघडत नाही. घालताय तर घाला, त्यावर भिस्त ठेवू नका.

आता आवळा. पत्रात तुम्ही आवळ्याचं नाव खताच्या यादीत घातलंय, पण त्याचं दुखणं वेगळं असावं. आवळ्याच्या बहुतेक कलमी जातींना स्वतःच्याच परागानं फळ नीट धरत नाही. एकटं झाड फुलतं, गुणगुणतं, मधमाश्या येऊन जातात आणि हाती काही लागत नाही. अशा झाडाला गोणीभर खत घातलं तरी पानंच वाढतील. पावसात त्याच्या शेजारी दुसऱ्या जातीचं एक कलम लावा. एनए-7 असेल तर कृष्णा किंवा कांचन, असं काहीही, फक्त जात वेगळी हवी. जागा नसेल तर शेजाऱ्यांना एक कलम भेट द्या आणि त्यांच्या कुंपणालगत लावायला लावा. भाऊंशी बोलणं पुन्हा सुरू करायलाही ते बरं.

सीताफळाचंही थोडं तसंच. त्याच्या फुलात मादीची वेळ आधी येते आणि नराची नंतर, दोन्ही जमत नाहीत. वर ऊन आणि कोरडी हवा असेल तर फूल तसंच गळतं. घरच्या दोन झाडांना हातानं परागीभवन करणं मुळीच अवघड नाही. संध्याकाळी पूर्ण उमललेल्या फुलातला पराग कागदावर झटकून छोट्या डबीत ठेवा आणि सकाळी लवकर, नुकत्या किलकिल्या झालेल्या फुलांच्या पाकळ्या बोटानं हलकेच फाकवून रंगाच्या बारीक कुंचल्यानं आत लावा. जूनमध्ये हवेत ओल आली की करून पाहा. रोज दहा फुलं केलीत तरी दसरा-दिवाळीला घरची सीताफळं पुरावीत. नातवंडं असतील तर हे काम त्यांना द्या, त्यांची बोटं लहान असतात.

डाळिंबाबद्दल कडवट बोलावं लागतंय. डाळिंब कमी पाण्याचं झाड आहे हे अगदी खरं, पण त्याला हवाही कोरडी लागते. आपल्याकडे पाणी कमी असतं ते आठ महिने. उरलेले चार महिने ते झाड पाण्यात उभं असतं. पानाफळांवर तेलकट डाग पाडणारा तेल्या रोग, बुरशी, फळ तडकणं, सगळं त्या दमट हवेतून येतं. 'दुष्काळात तगणारं' एवढंच वाचून झाड निवडलं की असं होतं. आपल्याला झाड हवं ते उन्हाळा आणि आपला पावसाळा, दोन्ही सोसणारं. त्या डाळिंबाला खत घालून पालवी लुसलुशीत केलीत तर रोगाला आणखी सोपं जाईल. फुलांसाठी राहू दे. तुमच्या जागी मी तो खड्डा पुढेमागे कोकमाला दिला असता. पहिले दोन-तीन उन्हाळे थोडं पाणी घालावं लागेल, त्यासाठी शेजारी बारीक भोकाचं मडकं पुरून दोन दिवसाआड भरत राहायचं. पण झाड तुमचं, हौस तुमची.

एक काम आठवणीनं करा. सुपर फॉस्फेट वगैरे घ्यायच्या आधी, म्हणजे पावसाआधीच, माती तपासून घ्या. वीतभर खोलीची माती, पालापाचोळा बाजूला सारून, सावलीत वाळवून, अर्धा किलो पिशवीत. तालुक्याच्या कृषी कार्यालयात किंवा जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात विचारा, ते कुठे द्यायची सांगतील. झाडांच्या खड्ड्यांत युरिया पडलाय, त्यांची मात्र आत्ता देऊ नका, आकडे फसवे येतील. गडग्यासाठी आणणार असलेली वहाळातली माती द्या आणि एखाद्या खत न घातलेल्या कोपऱ्यातली. माती फारच आंबट निघाली तर चुना किती टाकायचा हेही त्या अहवालावरून ठरवता येतं, अंदाजानं टाकू नका.

आणि ती पुण्याची बाटली. तुम्ही लिहिलेल्या वर्णनावरून ते समुद्री शेवाळाचा अर्क असलेलं टॉनिक दिसतंय, खत म्हणावं असं त्यात फारसं नसतं. झाडांना त्याची गरज नाही, पण मुलानं आठवणीनं पाठवलंय. पावसाळ्यात मागीलदारी मिरच्या आणि वांगी लावाल ना, तेव्हा बाटलीवर लिहिलंय त्याच्या निम्म्यानं पाण्यात मिसळून संध्याकाळी फवारा. मिरच्या लागल्या की त्याला फोटो पाठवा.